विश्लेषण : एक्स-रे काढणाऱ्याला शिकवतो कोण? ब्रिटनमधील ‘प्रॅक्टिस एज्युकेटर’ काय करतात?

‘छाती टेकवा. खांदे पुढे. दीर्घ श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा.’ एक्स-रे कक्षात रुग्णाच्या कानावर एवढेच शब्द पडतात आणि दोन मिनिटांत तो बाहेर येतो. पण हे शब्द उच्चारणाऱ्यानेही ते कधीतरी पहिल्यांदा उच्चारलेले असतात. तेही पुतळ्यासमोर नव्हे, तर वेदनेने कळवळणाऱ्या खऱ्या माणसासमोर. विद्यार्थ्याने खऱ्या रुग्णावर शिकायचे, पण रुग्णाला त्याची झळ लागू द्यायची नाही, हा तिढा सोडवण्यासाठी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत एक स्वतंत्र पद असते. त्याचे नाव ‘प्रॅक्टिस एज्युकेटर’. हे पद काय आहे, त्याची गरज का पडली आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध, याचा हा आढावा.

रेडिओग्राफर म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे ‘एक्स-रे काढणारे’ आणि ‘एक्स-रे वाचणारे’ यांत अनेकदा गल्लत होते. प्रतिमा पाहून अहवाल देणारा डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट. यंत्र चालवून प्रतिमा घेणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे रेडिओग्राफर. आपल्याकडे त्यालाच सर्रास ‘टेक्निशियन’ म्हटले जाते.

ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरचे दोन प्रकार आहेत. एक निदानासाठी एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय करणारे आणि दुसरे कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारे. ‘रेडिओग्राफर’ हे नाव तिथे कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे ‘एचसीपीसी’ या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही ते लावता येत नाही. या व्यवसायाची संघटना, सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स, १९२० पासून अस्तित्वात आहे.

पात्रतेसाठी साधारण तीन वर्षांची पदवी लागते, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची. पुढे जादा शिक्षण घेतलेले काही रेडिओग्राफर एक्स-रेचा अहवालही स्वतः लिहितात, काही सोनोग्राफी करतात. थोडक्यात, बटण दाबणारा माणूस एवढीच त्याची ओळख तिथे राहिलेली नाही. जबाबदारी वाढली तसा शिकण्याचा पसाराही वाढला.

मग प्रॅक्टिस एज्युकेटर कोण?

विद्यापीठातला प्राध्यापक शरीररचना, भौतिकशास्त्र, किरणोत्साराचे परिणाम शिकवतो. पण विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मोठा भाग रुग्णालयात, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी होतो. तिथे शिकवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो प्रॅक्टिस एज्युकेटर. तो स्वतः रेडिओग्राफरच असतो आणि बहुधा रुग्णालयाच्याच नोकरीत असतो. विद्यापीठ आणि विभाग यांच्यातला तो दुवा.

राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे ‘एनएचएस’मध्ये, नवा रेडिओग्राफर वेतनश्रेणीच्या पाचव्या पायरीवर रुजू होतो. एज्युकेटरचे पद साधारणपणे सहाव्या किंवा सातव्या पायरीचे असते. म्हणजे काही वर्षे काम केलेला, रात्रपाळ्या काढलेला, अपघात विभाग पाहिलेला माणूस या जागेवर येतो. चांगला रेडिओग्राफर चांगला शिक्षक असेलच असे नाही, हे लक्षात घेऊन कॉलेज ऑफ रेडिओग्राफर्सने या शिक्षकांसाठी स्वतंत्र मान्यता योजनाही ठेवली आहे. विद्यार्थ्यांना कामाच्या ठिकाणी शिकवणाऱ्यांनी स्वतःही नियमित प्रशिक्षण घ्यावे, अशी एचसीपीसीच्या शिक्षणविषयक मानकांची अट आहे.

त्याची जबाबदारी फक्त विद्यार्थ्यांपुरती नसते. नवे कर्मचारी, परदेशातून आलेले कर्मचारी, मोठ्या रजेवरून परतलेले, साध्या एक्स-रेकडून सीटीकडे जाऊ पाहणारे आणि नवे यंत्र आल्यावर गोंधळलेले ज्येष्ठ, असे सगळे त्याच्या वहीत असतात.

एवढी काळजी कशासाठी?

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतरच्या काळात अनेक डॉक्टर आणि तंत्रज्ञ नळी नीट चालते का हे पाहण्यासाठी स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. त्याची किंमत त्यांनी भाजलेली कातडी, कापावी लागलेली बोटे आणि कर्करोग या रूपाने मोजली. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारले गेले, तेव्हाच त्यावर १६९ नावे होती. धोका डोळ्यांना दिसत नाही आणि परिणाम लगेच जाणवत नाही. म्हणून या व्यवसायात ‘चुकत चुकत शिकू’ ही सवलत नाही.

आजची यंत्रे अर्थातच कितीतरी सुरक्षित आहेत. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारी मात्रा सुमारे ०.०१४ मिलिसिव्हर्ट असते. एवढा किरणोत्सार निसर्गातून दोन-तीन दिवसांत आपल्याला मिळतच असतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ही मात्रा काही मिलिसिव्हर्टपर्यंत जाते, म्हणजे छातीच्या एक्स-रेच्या शेकडो पट. एकट्या रुग्णाला त्यातून असलेला धोका लहान असतो. पण रोज हजारो तपासण्या होतात, तेव्हा प्रत्येक अनावश्यक तपासणीचा हिशेब मोठा होतो.

कायदा काय सांगतो?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ६ फेब्रुवारी २०१८ पासून वैद्यकीय किरणोत्साराविषयीची २०१७ची नियमावली लागू आहे. तिने चार भूमिका ठरवून दिल्या आहेत. तपासणी सुचवणारा, ती समर्थनीय आहे का हे ठरवणारा, ती प्रत्यक्ष करणारा आणि या सगळ्याची व्यवस्था लावणारा नियोक्ता. पुरेसे प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने रुग्णाला किरणोत्सार देऊ नये, असे ही नियमावली सांगते आणि प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी नियोक्त्यावर टाकते.

इथेच विद्यार्थ्याचा प्रश्न येतो. प्रशिक्षण नसेल तर एक्स-रे काढता येत नाही आणि एक्स-रे काढल्याशिवाय प्रशिक्षण होत नाही. नियमावलीने यातून वाट ठेवली आहे. शिकणाऱ्याला प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करता येते. सारा भार ‘देखरेख’ या एका शब्दावर आहे. देखरेख म्हणजे शेजारच्या खोलीत चहा घेत बसणे नव्हे. विद्यार्थ्याने बटण दाबण्यापूर्वी चूक दिसेल आणि थांबवता येईल, इतक्या अंतरावर उभे राहणे म्हणजे देखरेख.

दिवसभरात नेमके काय घडते?

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. पंचाऐंशीच्या घरातल्या आजी घरात पडल्या म्हणून स्ट्रेचरवरून आल्या आहेत. खुब्याचा एक्स-रे हवा आहे. विद्यार्थिनीने पुस्तकात वाचले आहे की ओटीपोटाच्या एक्स-रेसाठी दोन्ही पाय साधारण १५ अंश आत वळवायचे, म्हणजे मांडीच्या हाडाची मान नीट दिसते. ती आजींच्या पावलाला हात घालते.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एज्युकेटर हळूच म्हणतात, ‘थांब. आधी दोन्ही पाय बघ.’

एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आहे आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले आहे. खुब्याचे हाड मोडल्याची ही ओळखीची खूण. असा पाय वळवायचा नसतो. आहे तसाच ठेवून प्रतिमा घ्यायची. बाजूची प्रतिमा घेतानाही मोडलेला पाय हलवायचा नाही. चांगला पाय वर उचलून आधारावर ठेवायचा आणि किरण आडवे सोडायचे. पुस्तकातला नियम चुकीचा नव्हता, तो या आजींसाठी नव्हता. हा फरक वर्गात सांगून कळत नाही.

महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थिनीला रुग्णासमोर झापले जात नाही. आजींना आपण कोणाच्या तरी सरावाचे साधन झालो असे वाटता कामा नये आणि मुलीचा हातही थरथरता कामा नये. रुग्ण गेल्यावर दार लावून पाच मिनिटे बोलणे होते. ‘काय दिसलं? काय करणार होतीस? पुढच्या वेळी आधी कुठे बघशील?’ या क्रमाने प्रश्न विचारले जातात, उत्तर तिने शोधायचे. अनुभवावर असे परत फिरून विचार करण्याची पद्धत ब्रिटनच्या आरोग्य शिक्षणात रुजलेली आहे. ग्रॅहम गिब्स यांनी १९८८ साली मांडलेले चिंतनाचे सहा टप्प्यांचे चक्र विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत हमखास सापडते.

उरलेल्या वेळात एज्युकेटर पाळ्यांचे वेळापत्रक लावतात, मूल्यमापनाचे अर्ज भरतात, विद्यापीठाशी बोलतात, जुन्या प्रतिमा घेऊन छोटे वर्ग घेतात. आणि हो, विभागात माणूस कमी पडला की स्वतः यंत्रावरही उभ्या राहतात.

‘तुम्ही पाटीलच ना?’ हा प्रश्न चुकीचा का?

नवख्याला पहिल्याच आठवड्यात जे शिकवले जाते त्याचा यंत्राशी काहीच संबंध नसतो. ते असते रुग्णाची ओळख पटवणे. इंग्लंडमध्ये किरणोत्साराच्या चुकांची माहिती केअर क्वालिटी कमिशनकडे द्यावी लागते. भलत्याच रुग्णाची तपासणी होणे हा त्यात वारंवार दिसणारा प्रकार आहे.

‘तुम्ही पाटीलच ना?’ असे विचारले की घाबरलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसताच कंटाळलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. बाहेर दोन पाटील बसलेले असू शकतात. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा. पत्ता सांगा.’ तिन्ही उत्तरे रुग्णाच्या तोंडून आली पाहिजेत आणि चिठ्ठीशी जुळली पाहिजेत. मग शरीराचा कोणता भाग, कोणती बाजू, आधी अशीच तपासणी झाली आहे का, गर्भधारणेची शक्यता आहे का, हे पाहायचे. बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून हे सगळे पुन्हा तपासण्याची मोहीमच तिथे ‘थांबा आणि तपासा’ अशा अर्थाच्या नावाने चालवली जाते.

डावे-उजवे दाखवणारी खूण हादेखील असाच मुद्दा. प्रतिमा घेतानाच शिशाची छोटी ‘एल’ किंवा ‘आर’ ही खूण चौकटीत ठेवायची असते. संगणकावर नंतरही अक्षर टाकता येते, पण नंतर टाकणारा विसरू किंवा चुकू शकतो. चुकीच्या बाजूची खूण म्हणजे चुकीच्या बाजूच्या शस्त्रक्रियेच्या दिशेने पडलेले पहिले पाऊल.

डिजिटल यंत्रांमुळे शिकवणे सोपे झाले का?

काही बाबतींत सोपे, काही बाबतींत अवघड. फिल्मच्या जमान्यात किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची, कमी झाले की पांढुरकी दिसायची. चूक समोर टांगलेली असायची. डिजिटल यंत्र मात्र प्रतिमा आपोआप सुधारून दाखवते. किरण कमी पडले तर प्रतिमा दाणेदार दिसते, पण जास्त पडले तर ती उलट अधिकच छान दिसते. साहजिकच, ‘थोडे जास्तच ठेवू, परत काढायला नको’ अशी सवय लागते आणि मात्रा नकळत वर सरकत जाते. या क्षेत्रात त्याला ‘डोस क्रीप’ म्हणतात.

प्रतिमेसोबत पडद्यावर एक आकडा येतो, त्याला ‘एक्स्पोजर इंडेक्स’ म्हणतात. यंत्राच्या पटलापर्यंत किती किरण पोहोचले याचा तो अंदाज देतो. प्रतिमा सुंदर आली म्हणून पुढे न जाता त्या आकड्याकडे पाहायची सवय लावणे, हे एज्युकेटरचे न संपणारे काम आहे. किरणांची चौकट हव्या त्या भागापुरतीच आखणे हे दुसरे. मोठी चौकट ठेवून नंतर पडद्यावर कापून टाकली तर प्रतिमा नीटस दिसते, पण रुग्णाच्या अंगावर पडलेले किरण कापता येत नाहीत.

वीस वर्षे काम केलेल्यांना काय शिकवायचे?

बरेचदा शिकवण्यापेक्षा विसरायला लावायचे असते. कमरेच्या भागाचा एक्स-रे काढताना जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायचा, हे कित्येक पिढ्यांना शिकवले गेले. २०२० मध्ये ब्रिटनमधील व्यावसायिक संस्थांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी निदानाच्या तपासणीत रुग्णाच्या अंगावर असे कवच ठेवण्याची बहुतेक ठिकाणी गरज नाही, असे सांगितले. कारणे साधी होती. यंत्रे सुधारल्याने मात्रा खूप कमी झाली आहे. कवच सरकले तर हवा तो भागच झाकला जातो आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. काही यंत्रांत कवचामुळे स्वयंचलित नियंत्रण फसून किरण वाढतातही.

अशा वेळी ज्येष्ठ सहकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘मग इतकी वर्षं आम्ही चूक करत होतो का?’ त्याला ‘तेव्हाच्या माहितीप्रमाणे बरोबर होतं, आताच्या माहितीप्रमाणे नाही’ हे त्याचा मान राखून सांगणे, हे विद्यार्थ्याला शिकवण्याहून कठीण. तरीही ते टाळता येत नाही. नोंदणीचे नूतनीकरण दर दोन वर्षांनी होते आणि प्रत्येक व्यवसायातील २.५ टक्के लोकांची यादृच्छिक निवड करून त्यांनी शिकणे चालू ठेवले आहे का, याचा पुरावा एचसीपीसी मागते.

परदेशातून आलेल्यांसाठी हे पद महत्त्वाचे का?

ब्रिटनला रेडिओग्राफर कमी पडत आहेत. प्रा. सर माईक रिचर्ड्स यांच्या ऑक्टोबर २०२० मधील अहवालाने इंग्लंडच्या निदान सेवेसाठी आणखी सुमारे ४००० रेडिओग्राफर आणि २००० रेडिओलॉजिस्ट लागतील, असे म्हटले होते. त्यामुळे परदेशी भरती सुरू राहिली आणि भारतीय तरुणही तिथे पोहोचले. इंग्रजीची अट आयईएलटीएस परीक्षेत एकूण ७ गुण आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी आहे.

परीक्षा पास झाली, नोंदणी झाली, तरी पहिला महिना कठीणच. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात काम केलेल्या रेडिओग्राफरचा हात झपाट्याने चालतो, गर्दीची त्याला सवय असते. अडचण वेगळीच असते. भारतात गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफी हे पात्र डॉक्टरांचेच काम. ब्रिटनमध्ये मात्र जादा शिक्षण घेतलेले रेडिओग्राफर ती करतात आणि अहवालही देतात. डॉक्टरने लिहून दिलेली तपासणी समर्थनीय वाटली नाही तर रेडिओग्राफरने फोन करून ‘ही तपासणी का हवी?’ असे विचारणे तिथे उद्धटपणा नसतो, ते कर्तव्य असते. ‘साहेबांनी लिहिलंय म्हणजे काढायचं’ या सवयीतून बाहेर पडायला वेळ लागतो.

शिवाय बोलीभाषा. वेदना होत असलेला रुग्ण परीक्षेतले इंग्रजी बोलत नाही. शब्द कळला नाही तर पुन्हा विचारायचे, हो म्हणून वेळ मारून न्यायची नाही, हेही एज्युकेटरच सांगतात. नव्या व्यावसायिकांना सुरुवातीच्या काळात असा आधार मिळावा, यासाठी एचसीपीसीने २०२३ मध्ये ‘प्रिसेप्टरशिप’ची तत्त्वे जाहीर केली. ती नव्याने पदवी मिळवलेल्यांइतकीच परदेशातून आलेल्यांनाही लागू होतात. एकट्याने रात्रपाळी करायची वेळ येण्यापूर्वी अपघात विभाग, शस्त्रक्रियागृहातले फिरते यंत्र, वॉर्डातले एक्स-रे या सगळ्यांवर हात बसला आहे, अशी सही कोणीतरी जबाबदारीने करावी लागते.

सर्वांत अवघड काम कोणते?

नापास करणे. विद्यार्थी प्रामाणिक आहे, मेहनती आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, सगळ्यांचा लाडकाही आहे. पण तिसऱ्या वर्षीही तो रुग्णाची ओळख तपासायला विसरतो. तीन वर्षांचे शुल्क भरून झाले आहे. आता काय करायचे?

कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये ब्रिटनमधील परिचारिका शिक्षणाचा अभ्यास केला. विद्यार्थ्याबद्दल शंका असूनही त्याला संशयाचा फायदा देऊन पुढे ढकलले जाते, असे त्यात दिसले. कारणे माणसासारखीच होती. वेळ नव्हता, पुरावा लिहून ठेवला नव्हता, वाईटपणा नको होता, पुढच्या तुकडीत सुधारेल असे वाटले. हा अभ्यास परिचारिकांचा असला तरी रेडिओग्राफीतील शिक्षकांनाही तो आरशासारखा वाटतो.

म्हणूनच चांगले एज्युकेटर पहिल्या आठवड्यापासून लिहून ठेवतात. कोणत्या दिवशी काय चुकले, काय सांगितले, पुढे सुधारणा झाली का, हे त्यात असते. शेवटच्या दिवशी अचानक नापास करणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आणि लिहिलेले असूनही पास करणे हा पुढच्या रुग्णावर अन्याय. त्या रुग्णाचे नाव कोणालाच माहीत नसते, त्याची बाजू मांडायला खोलीत कोणीही नसते. ती बाजू एज्युकेटरलाच मांडावी लागते.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत का?

आहेत. सर्वांत मोठी उणीव वेळेची. रांग वाढली की शिकवण्याचा तास पहिल्यांदा रद्द होतो. विद्यार्थी जास्त घेतले तर एका यंत्राभोवती तिघे उभे राहतात आणि प्रत्येकाचा हात फार थोड्या रुग्णांना लागतो. कमी घेतले तर पुढची माणसे कुठून येणार? सराव कक्ष, मानवी आकाराचे पुतळे, आभासी वास्तवाचे चष्मे यांची मदत घेतली जाते. यंत्र कसे हलवायचे ते त्यावर शिकता येते. पण उलटी येत असलेल्या रुग्णाला ‘अजून एकच’ म्हणून कसे समजवायचे, ते पुतळा शिकवत नाही.

आणखी एक उणीव म्हणजे एज्युकेटर आहे म्हणून बाकीचे अंग काढून घेतात. प्रत्यक्षात तो सगळीकडे असू शकत नाही. विद्यार्थ्याबरोबर रोज उभा राहतो तो पाळीवरचा साधा रेडिओग्राफरच. त्याला शिकवायचे कसे हे शिकवणे, हाच या पदाचा खरा उपयोग.

महाराष्ट्रात चित्र काय?

किरणोत्सार सुरक्षेचे नियम आपल्याकडेही कडक आहेत. मुंबईत अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. किरणोत्सार संरक्षणाचे नियम २००४चे आहेत. कर्मचाऱ्याच्या छातीवरचा टीएलडी बिल्ला आणि विभागातील किरणोत्सार सुरक्षा अधिकारी हे त्याचेच भाग. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही कमाल मर्यादा आहे.

शिक्षणाच्या बाजूने मोठा बदल २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आणला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ त्यात येतात. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे, तर संलग्न व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण या कायद्याने अपेक्षिले आहे. राज्य परिषदा, नोंदणी आणि समान दर्जा हे त्याचे उद्देश.

पण तास मोजणे वेगळे आणि त्या तासांत मागे कोण उभे आहे हे पाहणे वेगळे. आपल्याकडे असे स्वतंत्र पद सर्रास आढळत नाही. विद्यार्थी पाळीवरच्या तंत्रज्ञाकडे सोपवला जातो आणि बाहेर रांग असली की तो शिकणारा न राहता मदतनीस होतो. काही ज्येष्ठ तंत्रज्ञ स्वतःच्या हौसेने उत्तम शिकवतात. मात्र ते त्यांच्या कामाच्या यादीत नसते, त्यासाठी वेळ नसतो आणि त्याची नोंदही होत नाही.

शिक्षण फक्त विद्यार्थ्यांचे नसते, याची आठवण मुंबईला फार कटू रीतीने झाली आहे. जानेवारी २०१८ मध्ये शहरातील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात असताना एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. एमआरआयचे चुंबक रुग्ण आत नसतानाही चालूच असते. ही गोष्ट तंत्रज्ञाला ठाऊक असून भागत नाही. ती वॉर्डबॉयला, आयाला, पहारेकऱ्याला आणि कालच रुजू झालेल्यालाही ठाऊक असावी लागते. ‘हे सगळ्यांना सांगितलं का?’ हा प्रश्न रोज विचारणारा माणूस नेमणे, हाच प्रॅक्टिस एज्युकेटर या कल्पनेचा गाभा.

रुग्णाने काय करावे?

तीन गोष्टी. नाव कोणी विचारले नाही तर स्वतःहून पूर्ण नाव आणि कोणता भाग, कोणती बाजू ते सांगावे. गर्भधारणेची शक्यता असल्यास किंवा आधी अशीच तपासणी झाली असल्यास न विचारता सांगावे. एमआरआयला जाताना नातेवाइकांनीही खिसे रिकामे करावेत आणि सांगितल्याशिवाय दाराच्या आत पाऊल टाकू नये.

आणि खोलीत विद्यार्थी असेल तर? तो कोण आहे हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि नको असेल तर नम्रपणे नकार देण्याचाही. मात्र नकार देण्यापूर्वी त्याच्या मागे कोण उभे आहे ते एकदा पाहावे. अनुभवी माणूस हातभर अंतरावर लक्ष ठेवून उभा असेल, तर त्या खोलीत प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली जाते आहे. आणि मागे कोणीच नसेल, तर तो प्रश्न विद्यार्थ्याला नव्हे, रुग्णालयाला विचारायला हवा.